श्रावणातली आळंबी

गणपती जवळ आले म्हणून मी देवघर आवरायला काढलं. टाक आणि मूर्ती पाटावर काढून ठेवल्या. मागच्या तसबिरीआड झाडायला हात घातला तर जुनं पंचपात्र हाताला लागलं. त्याची कड फुटल्यापासून आम्ही ते वापरत नाही. उचललं, तर आत पांढऱ्या गोळ्या. काही दमट हवेने फुगून पीठ झालेल्या, काहींना कुंकू लागलेलं. एक बोटावर घेऊन पाहिली. मधोमध रेघ. यांच्या साखरेवरची गोळी. रोज सकाळी मी माझ्या हाताने यांच्या हातावर ठेवते, तीच.

मी देवांशेजारीच खाली बसले.

हे अंघोळ करून पूजा करतात, मग मी गोळी देते. हल्ली म्हणत, "देवाला दाखवून घेतो." मला वाटलं, वय झालं, भक्ती वाढली. मी तव्यावरची भाकरी उलटायला वळायचे. वळताना समाधान वाटायचं, तेही आठवलं.

आणि यांचा पाय आठवला. वाडीत झावळ्या ओढताना डाव्या करंगळीला टोचलं होतं. एवढीशी जखम, पण सगळा श्रावण गेला तरी सुकली नव्हती. वरून काळपट दिसू लागली होती. विचारलं की म्हणत, "वाडीत काम केलं का लागतंच."

हे सगळं सुरू झालं ते माझ्या नणंदेने आणलेल्या आळंबीपासून. ती एव्हरशाईन सिटीत राहते. तिलाही साखर आहे. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी ती पुडी घेऊन आली. पावसात आपल्याकडे वारुळाजवळ उगवते ती आळंबी नव्हे. ही बंद खोलीत वाढवतात, मग सुकवतात. तपकिरी, कानाच्या पाळीसारखे तुकडे. वास जरा सोड्यांसारखा, सुक्या कोळंबीचा.

"दादा, हिने माझी साखर उतरली बघ. ताकदही येते. वहिनी, भाजीत टाका नाहीतर उकळून द्या."

हे म्हणाले, "उद्या सरावन लागतो. आळंबी कशी खानार?"

आमच्या घरात आळंबी माशांच्या पंगतीला बसते. श्रावणात चुलीवर चढत नाही. सासूबाई होत्या तेव्हापासूनचं आहे.

नणंद हसली. "अरे, भाजी समजू नकोस. औषध समज. औषधाला कसला श्रावण?"

"हां, मग चालंल," हे म्हणाले.

मी रोज दोनचार तुकडे उकळून ते पाणी देत होते. "आंग हलकं वाटतं," असं हे सांगायचे. मलाही खरं वाटलं. गोळी आणि वर ही आळंबी, आता काळजी नाही, असं मनात धरून होते.

त्या दिवशी दुपारी हे वाडीतून आले. पाय धुऊन ओटीवर बसले. मी पंचपात्र पुढे ठेवलं. यांनी आत पाहिलं आणि पंच्याने तोंड पुसलं.

"फेकल्या नाय. देवाजवळ ठेवल्या."

"पण का?"

"अगं, झाडपाल्याचं औषद चालू असताना डाक्टरची गोळी घेत नाय. दोन औषदं एका पोटात नांदत नाय. बाबांची कावील कशी गेली? आयेने डाक्टरची बाटली पयली बंद केली, मंग पाला सुरू केला."

ही या घरची रीत मलाही ठाऊक होती. पण ती आळंबीला लागू होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या लेखी ती भाजी होती.

"मला सांगायचं तरी."

"तू रडली असतीस."

मी रडले नाही. मी फोन उचलला. नणंदेला मी आपणहून कधी फोन करत नाही, काय बोलावं सुचत नाही.

"वहिनी? तुम्ही फोन केलात? अगं बाई, कोण गेलं?"

मी अडखळत सांगितलं. फोनचा आवाज मोठा करून यांच्यासमोर धरला. पलीकडून ती ओरडलीच, "अरे दादा, मी तर गोळ्या घेते! दोन्ही वेळच्या! आळंबी त्याच्यावर. गोळी सोड असं कोणी सांगितलं तुला?"

यांचं तोंड उघडंच राहिलं. "तूच बोललीस ना, औषद समज."

"ते श्रावणासाठी म्हटलं रे, वेड्या! तू खावीस म्हणून!"

यांनी पंचपात्राकडे पाहिलं, मग पायाकडे. पहिल्यांदाच आपला पाय पाहत असल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या वेळेवर घेता ना?" सवयीने हे म्हणाले, "हो." डॉक्टरांसमोर मी नेहमी खाली मान घालून बसते. त्या दिवशी पिशवीतून पंचपात्र काढून टेबलावर ठेवलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "ह्यातली एकही घेतली नाही."

डॉक्टर आधी गोळ्यांकडे पाहत राहिले. मग पायावरची पट्टी सोडली, करंगळी पाहिली आणि दाखल करायची चिठ्ठी लिहायला घेतली.

आळंबीचं मी धीर करून विचारलं. ते म्हणाले, "खायला चांगली आहे. साखरेला तिचा थोडा उपयोग होतही असेल, पण अजून पक्कं कोणी सांगू शकत नाही. गोळीची जागा ती घेणार नाही. आणि गोळीबरोबर रोज काढा द्यायचा तर मला विचारून, साखर एकदम खाली जायलाही नको."

करंगळी गेली. पाय वाचला, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. नणंद दवाखान्याच्या बाकावर बसून म्हणत होती, "मी भाजी म्हटलं असतं तर श्रावणभर शिवला नसता."

मला अजून सकाळी देवघराकडे पाहिलं की धस्स होतं. देव रोज बघत होते आणि मी त्यांना पाठ करून भाकरी उलटत होते.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी यांनी पूजा केली, हात पुढे केला. मी गोळी ठेवली. सवयीने हे देवांकडे वळू लागले.

"देवाला नको," मी म्हटलं. "मला दाखवा."

यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायलं आणि लहान मुलासारखा आ केला. तव्यावरची भाकरी करपली. मी वळले नाही.