नवरात्रात आमच्या टीमला येणारा ताप

गेल्या आठवड्यात बडोद्यात, फतेगंजच्या आमच्या ऑफिसात एका कॉलवर माझी नोकरी जाता जाता राहिली... आणि तीही गरब्यापायी. ज्या माणसाने जन्मात हातात दांडिया धरली नाही, त्याची!

आधी माझी मतं सांगून टाकतो, कोणी विचारली नसली तरी. गरबा म्हणजे आता पुढाऱ्यांच्या बॅनरांचा उत्सव. ऑफिस म्हणजे देऊळ नव्हे, पगार घ्या आणि घरी जा. आणि सॉफ्टवेअरचा घाईने केलेला रिलीज म्हणजे कच्ची भाकरी... आज वाढाल, उद्या पोट धरून बसाल. हे सगळं ऐकून आई म्हणते, "तूच एकटा शहाणा रे बाबा."

तर झालं असं... आमचा क्लायंट अमेरिकेत, आम्ही बडोद्यात. सुरुवातीला आमच्या सेल्सवाल्यांनी त्याला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं की आम्ही वर्षभर काम करतो, सणबिण काही नाही. पण बडोद्यात नवरात्रात काम करणार कोण? मग दर वर्षी त्या दिवसांत कोणाला ताप, कोणाचं पोट बिघडलेलं, कोणाकडे लाइट गेलेली... अशा मेल जायच्या. दसरा झाला की सगळे ठणठणीत.

यंदा नवे मॅनेजर आले, मेहरासाहेब, गुडगावहून. मंदी आहे, क्लायंट टिकवायचा तर काहीतरी करून दाखवायला हवं, असं त्यांचं म्हणणं. रिलीज दिवाळीनंतर ठरला होता, तो यांनी आपल्या मनाने अलीकडे ओढला... थेट अष्टमीच्या रात्री. सगळी टीम ऑफिसात हवी, त्यातही टेस्टिंग हवंच हवं.

टेस्टिंग म्हणजे आमची फाल्गुनी. ही मुलगी कितीतरी वर्षं एका मोठ्या ग्राउंडवर कोरसमध्ये मागे उभी राहून गाते. यंदा पहिल्यांदा तिला पुढे माइकवर दोन गरबे मिळाले होते, नेमके अष्टमीला.

मेहरासाहेबांना ती एक शब्द बोलली नाही. मागच्याच महिन्यात टीममधल्या दोघांना कायमचं घरी पाठवलं होतं आणि तिच्या घरात कमावणारी ती एकटी. मला फक्त म्हणाली, "चालशे, वांधो नथी." म्हणजे चालेल, काही हरकत नाही. आणि डबा न उघडताच जागेवर जाऊन बसली. मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय...

संध्याकाळी कॉल. मेहरासाहेबांनी क्लायंटच्या मार्कला खुशखबर दिली, रिलीज लवकर देतोय, टीम एकदम तयारीत आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कन्फर्म करो." समोर फाल्गुनी मान खाली घालून टेस्ट केसेसची पानं उलटत होती, एकही न वाचता.

मी तोंड उघडलं ते 'येस' म्हणायला, आणि बाहेर पडलं भलतंच. त्या दिवशी आमच्याकडे सण आहे, आमची टेस्टर गाणार आहे, ही तारीख जमणार नाही... सगळं एका दमात!

मेहरासाहेब लालबुंद. मी मनातल्या मनात पुण्याच्या मामाला फोनही लावला, तिकडे काही आहे का बघ म्हणून.

आणि मार्क हसायला लागला! म्हणाला, दर वर्षी तुमच्या अख्ख्या टीमला एकदम ताप येतो आणि एकदम उतरतो, मी काय खुळा आहे का? तुमच्या सणाच्या तारखा दर वर्षी सरकतात म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच मी त्या इंटरनेटवर शोधतो आणि प्लॅनमध्ये ते दिवस मोकळे ठेवतो. कधीतरी कोणीतरी आपणहून सांगेल म्हणून वाट बघत होतो...

मग त्याने फाल्गुनीला गाण्यासाठी शुभेच्छा दिल्या. ती कसंबसं थँक यू म्हणाली आणि तोंडाला ओढणी लावून बाहेर पळाली. मेहरासाहेबांनी गुपचूप जुनी तारीख परत लिहिली.

काल अष्टमी. आईला घेऊन मी ग्राउंडवर गेलो. पहिल्या ओळीला फाल्गुनीचा आवाज जरा कापला, पण मग असा काही लागला की अख्खं ग्राउंड तिच्या आवाजावर फिरायला लागलं. आई तर चप्पल माझ्या हातात देऊन आत शिरली.

मी बाहेर उभा होतो आणि डोक्यात एकच... इतकी वर्षं ज्या माणसाला आम्ही थापा मारत होतो, तो सातासमुद्रापलीकडे बसून आमचं पंचांग बघत होता. जाम लाज वाटली. आणि खूप बरंही वाटलं.