बकुळीला पाणी घालणारे

कॉलेज सोडलं, पण वानखडे सर काही सुटत नाहीत. मेहकरच्या स्टँडवर जुने मित्र भेटले की त्यांचे किस्से निघतातच. सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. म्हणजे वाचून दाखवायचे!

*

श्वसनाचं प्रॅक्टिकल होतं. एका थर्मासात मोड आलेले हरभरे, दुसऱ्यात उकडलेले. जिवंत दाणे श्वास घेतात, म्हणून पहिला थर्मास आतून गरम होतो. दुसरा तुलनेसाठी.

तासाला पाहतो तर दुसरा रिकामा!

सर म्हणाले, "उंदीर असन."

मी म्हटलं, "उंदरानं तुमच्या टेबलावर कांदा चिरला वाटते, सर!"

*

झालं. प्राचार्यांनी कॉलेजच्या आवारात स्वतःच्या हातानं लावलेली बकुळ सांभाळायला माझ्या गळ्यात पडली.

"रोप जगलं तर टर्म ग्रँट करतो, परीक्षेले बसू देतो," वानखडे सर म्हणाले. "मेलं तर घरी जाय."

*

कॉलेजात कोणीही पाहुणा आला की आधी बकुळीला पाणी, मग फोटो, मग चहा. काळ्या मातीतला खड्डा, पाणी जाणार कुठं? पानं पिवळी पडली.

"सर, मुळायले हवा भेटून नाही राह्यली. गुदमरून राह्यली ते."

"पाण्यानं कधी झाड मेलं काय बे?"

पुढच्याच तासाला त्यांनी डिक्टेट केलं, "पाणी साचल्यास मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ऊर्जा कमी पडते व झाड कोमेजते." वर म्हणाले, "अंडरलाइन करा, परीक्षेत येते!"

*

मी पाटी लावली, 'पाणी घालू नये.' प्राचार्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली. आणि मगभर पाणी ओतलं.

"पाटी पाहुण्यायसाठी ठीक आहे. हे रोप तर मी लावेल आहे!"

*

घरी बाबांना सगळं सांगितलं. बाबाही मास्तर.

"सरायची माफी माग."

"कशाची?"

"ते सर सांगतीन!"

*

बकुळ मेली. चौकशीला बाहेरून तीन ज्येष्ठ प्राध्यापक आले. खड्ड्याभोवती उभे राहिले.

"उपटून पाहा ना सर," मी म्हटलं. "मुळं सडली आहेत, वास येईल."

कोणी वाकलं नाही. पाचच मिनिटांत निकाल लागला, पोरानं पाणी कमी घातलं. टर्म गेली. वानखडे सर माझ्याकडं पाहून हसले.

निघताना त्यातले सगळ्यात म्हातारे प्राध्यापक थांबले. वाळक्या काडीकडं बघत म्हणाले, "बिचारी!" आणि हातातली बाटली त्यांनी खड्ड्यात रिकामी केली.

खड्डा आधीच भरलेला. पाणी वरून वाहिलं ते थेट त्यांच्या बुटात!