फाटकात सांडलेला समुद्र
पाहुण्यांसाठी सडा टाकला की ओल्या मातीच्या वासानं लोक सुखावतात, माझं मात्र डोकं भणाणतं. मी शाळेत होते तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि वर दुष्काळ. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी पत्र्याच्या ट्रेमध्ये समुद्राचा तळ केला होता. किनाऱ्यालगत उथळ समुद्रबूड जमीन, तिच्या कडेला एकदम उतार, खाली खोल सपाटी. ट्रेमधल्या नदीच्या तोंडाशी आटलेल्या तलावातला गाळ ठेवला होता. पाणी सोडलं की तो उथळ भागावरून वाहत जायचा, कडेवरून घसरायचा आणि तळाशी पंख्यासारखा पसरून बसायचा. त्यासाठी मायनं टँकरवर भांडून मिळवलेली एक कळशी मला दिली होती. त्या दिवशी घरात कुणाचीच आंघोळ झाली नाही. मी टेबलाखाली झाकून ठेवलेली कळशी काढली तर ती रिकामी! वर्गाच्या बाईंनी त्याच पाण्यानं फाटकापासून सडा मारला होता. “जिल्ह्याचे साहेब यायलेत. त्यांच्या अंगावर धूळ उडाली तर शाळेची काय इज्जत राहील?” उलट मलाच दरडावलं. साहेब आले, कोरड्या पत्र्यावर वाकून हसले, “अगं, यात समुद्र कुठाय?” बाईंनी डोळे वटारले. मी म्हणाले, “तुमी तुडवीत आलाव की, सायेब.” त्यांनी बुटाकडं पाहिलं. बुटाला चिखल लागला होता. आता त्याच शाळेत मी भूगोल शिकवते. अजूनही साहेब येतात, फाटकात धूळ उडते. उडू द्या.