परवाची फवारणी

दादाला जाऊन दीड महिना झाला. तो गेला त्या गुरुवारी मी पेन्शनच्या कामासाठी बोरीहून जिंतूरला गेले होते. बँकेच्या रांगेत असताना शेजारच्या शेतातल्या माणिकरावांचा फोन आला, "आक्का, सर पेट्यांपाशी पडलेत... उठंनात." काय ते मी समजले. तरी नंबर आला म्हणून खिडकीशी गेले, सहीसुद्धा केली. बाई काय, दगडच म्हणायची.

दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. वहिनी गेल्या, माझं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून आम्ही बहीणभाऊ एका घरात राहायला लागलो. भांडणं तर रोजची. निवृत्त झाल्यावर त्यानं अकरा मधपेट्या आणल्या, तेव्हा मी म्हटलं, "जन्मभर पोरं हाकून जीव भरला नाही का? आता माशा!" तर म्हणतो, "ह्या गृहपाठ न सांगता करतात." मुंग्या चढू नयेत म्हणून पेट्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, त्या माझ्या स्वयंपाकघरातल्या. माशा शांत करायच्या धुराड्यात जाळायला चिंध्या हव्यात, म्हणून माझं जुनं लुगडं फाडलेलं. मी कटकट करायची, तो ऐकून घ्यायचा.

माणिकरावांशी त्याचं ठरलेलं होतं. तुरीवर औषध मारायच्या आधी त्यांनी निरोप द्यायचा, दादा पेट्यांची दारं जाळीनं बंद करणार. मागच्या हिवाळ्यात माणिकराव पाठीवर पंप घेऊन हरभऱ्याकडे जाताना दिसले. तुरीवरही मारतील या भीतीनं दादानं दारं लावून टाकली. दोन दिवसांनी मी अंगण झाडत होते, तर माणिकराव चालत्या मोटारसायकलवरून ओरडले, "सरांला सांगा, फवारणी परवाची!" मी पंप पाहिलेलाच होता. आत जाऊन म्हटलं, "अरे, फवारणी परवाच झाली म्हणे." दादा म्हणाला, "बरं झालं, कोंडल्यात बिचाऱ्या," आणि जाळ्या काढून आला. जळो मेला तो शब्द! मागचाही परवा, पुढचाही परवा...

दोन दिवसांनी पेट्यांपुढे मेलेल्या माशांचा थर पडला होता. दादा खराट्यानं त्या सुपात भरत होता. माणिकराव बांधावर आले, तसा तो म्हणाला, "माणिकराव, निरोप तर द्यायचा." ते म्हणाले, "आक्कांला सांगितलं की, सर." दादानं माझ्याकडे एकदा पाहिलं, म्हणाला, "हां हां, सांगितलं होतं हिनं. मीच विसरलो." आणि मी? मूग गिळून उभी राहिले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

तीन पेट्या कशाबशा वाचल्या. वर्षभर मी रोज ठरवायची, आज सांगू, माफी मागू. मग त्याचं जेवण व्हायचं, बातम्या लागायच्या, राहून जायचं. शेवटी मी म्हटलं होतं, "परवा जिंतूरला जाते." तो म्हणाला, "गुरुवारी ना?" एवढंच. मनात आलं, आल्यावर बोलू.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. मला माशांतलं काही कळत नाही. उरलेल्या तिन्ही पेट्यांना मेणकिडा लागला, पोळ्यांना जाळी धरली आणि माशा निघून गेल्या. आता अकराच्या अकरा पेट्या रिकाम्या आहेत.

यंदाही तूर फुलावर आली आहे. काल माणिकराव गाडी थांबवून, खाली उतरून म्हणाले, "आक्का, फवारणी शुक्रवारी हाय."

"शुक्रवारी" ऐकून मी चपापले. विचारलं, "वार कसा काय सांगितला?"

"सरांनीच सांगून ठेवलंय, मागल्या साली. म्हनले, आक्काला परवा म्हनू नका, वार सांगत जा. तिला लय लागतं मनाला."

म्हणजे माझ्या मनातलं सगळं त्याला ठाऊक होतं. मी कधी बोलते याची वर्षभर वाट पाहिली असेल का त्यानं... आता कुणाला विचारू?

संध्याकाळी मी खुंटीवरच्या जाळ्या काढल्या. एकेका रिकाम्या पेटीपुढे वाकून अकरा दारं बंद केली.