बटणांच्या डब्यातला कॅल्क्युलेटर
काल मोबाईलवरच्या एका अ‍ॅपमधून बाहेर पडायचं बटण सापडेना म्हणून मुलीला विचारलं, तर ती हसून म्हणाली, "बाबा, बंद करायची गरजच नसते त्याला." हेच वाक्य, ह्याच सुरात, तीस वर्षांपूर्वी रहिमतपूरला मी आईला ऐकवलं होतं. ती घरी ब्लाउज शिवायची. मी सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होतो आणि मापांचे भाग पाडायला तिला उजेडावर चालणारा सोलर कॅल्क्युलेटर आणून दिला होता. त्याला बंद करायचं बटण नव्हतं, हे तिला खटकायचं. काम झालं की ती तो चिंधीत गुंडाळून बटणांच्या डब्यात ठेवायची. "उजेडात जागाच ऱ्हातोय त्यो. अंधारात ठिवला की निजतोय," ती म्हणाली. मापं द्यायला आलेल्या बायकांसमोर मी म्हणालो, "तान्हं बाळ आहे का ते? बंद करायची गरजच नसते त्याला." बायका हसल्या. आईही हसली, पण हातावरचा खडू झटकत, खाली बघून. पुढं होस्टेलवर माझ्या तसल्याच कॅल्क्युलेटरच्या उजेड घेणाऱ्या काळ्या पट्टीवर सहज बोट ठेवलं आणि आकडे विझत गेले. दिवाळीला घरी आलो तर आई फरशीवर खडूनं भागाकार करत होती. "मला न्हाई जमत ते, तूच वापर," म्हणत तिनं डबा पुढं सरकवला. तुझंच बरोबर होतं, एवढंच म्हणायचं होतं. मी कॅल्क्युलेटर खिशात घातला. काल मुलगी उठून गेल्यावर मी मोबाईल रुमालात गुंडाळून ठेवला.