जरा गॅलरीत उभे राहा

चार माणसं आली की त्यांना 'बसा' म्हणायची आपल्यात रीत आहे. माझ्या बायकोचे मामा मात्र लोकांना 'उठा' म्हणायलाच जन्माला आले होते. परळला आमच्या गाववाल्यांची एक जुनी धर्मादाय संस्था आहे. कोकणातून इस्पितळात येणाऱ्या पेशंटना आणि त्यांच्या माणसांना राहण्यासाठी तिच्या सहा खोल्या. मामा तिचे चिटणीस. मी विश्वस्त झालो तो त्यांचा विरोध डावलून. 'सदर गृहस्थ माझ्या भाचीचे यजमान आहेत, त्यांना घेऊ नये,' असं त्यांनी लेखी दिलं होतं. त्या पत्रात पुढे 'स्वभावाने बरे आहेत' असंही आहे, आणि माझं तेवढंच कौतुक त्यांच्या हातून झालं.

मामांचा नियम असा, की ज्याच्या माणसाचा विषय निघेल त्याने मुकाट्याने उठायचं आणि निर्णय होईपर्यंत बाहेर गॅलरीत थांबायचं. रंगकाम निघालं तेव्हा खजिनदार बाहेर, कारण रंगारी त्यांच्या चाळीतला. चहा कोणाकडून आणायचा हे ठरताना अध्यक्ष बाहेर, कारण चहावाला त्यांना रोज 'राम राम' करी. एकदा 'विश्वस्तांनी किती वर्षं पदावर राहावं' हा विषय आला. मामांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. सातही जण गॅलरीत, सातवे मामा स्वतः. मग त्यांनीच दारातून आत डोकावून खात्री केली आणि जाहीर केलं, "आत कोणी नाही. गणसंख्येअभावी सभा तहकूब." आम्ही हसलो, पण ते हसले नाहीत. ते वहीत लिहीत होते.

असा माणूस लांबून गोड वाटतो. माझ्या थोरल्या भावाच्या घशात गाठ निघाली आणि परळला दोन महिने रोज शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचं ठरलं, तेव्हा मला त्यांचा खरा चटका बसला. मी राहतो विरारला. तिथून रोजची ये-जा दादाला झेपणारी नव्हती, आणि दगदगीने शेक चुकले असते तर सगळंच मुसळ केरात. संस्थेत एक खोली रिकामी होत होती. मी दादाचा अर्ज दिला आणि वहिनीला सांगून टाकलं, की मामा आपलेच आहेत, काळजी करू नको.

सभेत अर्ज निघाला. मामा म्हणाले, "जावईबापू, जरा गॅलरीत उभे राहा." मी गेलो. मागोमाग तेही बाहेर आले.

"तुम्ही कशाला?"

"भाचीचे थोरले दीर. माझेही लागतात ना."

दहा मिनिटं आम्ही दोघं शेजारी उभे होतो. आत यादीप्रमाणे निर्णय झाला. खोली चिपळूणच्या एका म्हाताऱ्या जोडप्याला गेली, दादाचा नंबर चौथा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मामा, तुमच्या हातात होतं हो."

"म्हणून तर बाहेर आलो." मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. "संस्थेला घटना आहे, जावईबापू. माझ्या घराला नाही. दादांना उद्या लालबागला घेऊन या."

लालबागला मामांची एक खोली आणि मोरी. पलंगावर दादा, खाली वहिनी आणि मामी, आणि मामा दोन महिने शेजाऱ्यांच्या पोटमाळ्यावर. रोज सकाळी दादाला हात धरून इस्पितळात तेच नेत. एकही शेक चुकला नाही. मामी पेज गाळून देत. वहिनी मला म्हणाली, "भावजी, सख्खो मामा असतो तरी इतक्या करूचो नाय."

दादाचा आवाज जरा बसका झालाय, पण तो गावी हिंडतो-फिरतो, गड्यांवर ओरडायचा प्रयत्न करतो. दर रविवारी मामींना फोन करून 'जेवलात का' विचारतो. मामा जाऊन दोन वर्षं झाली. चिटणीसाचं काम आता माझ्याकडे आहे, आणि 'आपलाच माणूस आहे, बघा जरा' म्हणणारे रोज भेटतात. त्यांना नाही म्हणायला मी शिकलो. नाही म्हटल्यावर त्या माणसाचं पुढे काय होणार, ही काळजी मामा घरी घेऊन जात. ते अजून मला पुरतं जमत नाही.

आभार मानले की ते चिडत, म्हणून मी कधी मानले नाहीत. आता चिडायला ते नाहीत. मामा, माझा भाऊ तुमच्यामुळे आहे.