खायचं घर

कोन गावच्या दमयंतीबाईंना आसपासच्या गावांत सगळे ओळखतात ते रुखवतामुळे. लग्नात नवरीकडच्यांनी मांडलेलं रुखवत पाहिलं की बायका एकमेकींना कोपराने ढोसतात, हे दमयंतीचंच. साखरेचं तुळशीवृंदावन, हलव्याची पालखी, डाळींची बैलगाडी. चाळीस वर्षांत काय नाही केलं त्यांनी! नियम मात्र एकच, बघा पण हात लावू नका. कुणी लावलाच, तर बाई त्याच्याकडे अशा बघतात की बिचारा पंगतीत मान खाली घालून जेवतो.

नवीन पनवेलला बालवर्ग चालवणाऱ्या अरुंधतीने फोन केला आणि नाताळासाठी आल्याच्या बिस्किटांचं घर कराल का, असं विचारलं. कामाला नाही म्हणणं बाईंना ठाऊकच नाही. सून अंकिताने मोबाईलवर तसल्या घराचा फोटो दाखवला, तर बाई म्हणाल्या, एवढंच? आलं, गूळ, दालचिनी घालून त्यांनी पीठ मळलं, भिंती कापल्या आणि दिवाळीत नानकटाईचे पत्रे नेतात तशा बेकरीच्या भट्टीत भाजून आणल्या. वर कौलं बसवली. फोटोत नव्हती तरी दारात तुळस ठेवली, कारण घर म्हटल्यावर तुळस नको? मग रुखवताच्या सवयीने सगळं गोंदाने चिकटवलं, मोती आणि टिकल्या लावल्या, आणि टिकावं म्हणून वरून वॉर्निशचा हात फिरवला.

तेवीस तारखेला दुपारी घर मांडीवर घेऊन त्या रिक्षाने बालवर्गात पोचल्या. अरुंधती बघतच राहिली. काचेची पेटी कुठाय, असं बाईंनी विचारलं, तशी ती हसायला लागली. पेटी कशाला? उद्या चौदा मुलं हे घर फोडून खाणार, महिनाभर दुसरा विषय नाही त्यांना.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हे शोभेचं आहे, खायचं नाही, असं ठणकावून सांगितलं असतं तर त्या सहज सुटल्या असत्या. पण महिनाभर वाट बघितलेल्या पोरांना नुसतं बघायला लावायचं, हे त्यांच्या जिवाला लागलं. शिवाय चूक कबूल करायची तर आजच.

"बाई, ह्या घर खावाचा नाय. गोंद हाय त्यात. माजीच चूक झाली," त्या अरुंधतीला म्हणाल्या. "उद्या पोरा यायच्या आत दुसरा आनते."

अंकिताने सुचवलं, विकतचा केक नेऊ. सासूबाईंनी नुसते डोळे वटारले. बेकरीत नाताळची झुंबड होती. शैलेश बेकरीवाला म्हणाला, काकू, भट्टीत मुंगी शिरायला जागा नाही. बाई तिथल्याच स्टुलावर बसल्या आणि केकसाठी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपली अडचण सांगू लागल्या. अर्ध्या तासात शैलेशने हात जोडले आणि भट्टीत मागे एका पत्र्यापुरती जागा करून दिली.

या खेपेला गोंदाच्या जागी साखरेचा पक्का पाक आला. दोन बोटं भाजली. मोत्यांच्या जागी रंगीत बडीशेप बसली, छपरावर बर्फ म्हणून पिठीसाखर. एक भिंत जराशी कललीच. असलं घर त्यांनी रुखवतात खपवून घेतलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मुलं घराभोवती गोल करून उभी राहिली आणि हात पुढे करायला कुणी धजेना. अरुंधती फोटो काढताना थकत नव्हती. ती म्हणाली, इतकं सुंदर झालंय, राहू दे ना असंच, मुलांना मी बिस्किटं देते. बाईंनाही क्षणभर तेच हवंसं वाटलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष चार वर्षांच्या इराकडे गेलं. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते आणि नजर छपरावर खिळलेली.

बाई पुढे झाल्या. त्यांनी छपराचा कोपरा कडकन मोडला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

"घे गो. खावालाच केलाय."

इराने चावलं, थोडा विचार केला आणि हात पुढे केला. "अजून."

चाळीस वर्षं लोक बाईंच्या कामाला छान म्हणाले, सुरेख म्हणाले, शेजारी उभे राहून फोटो काढून गेले. ‘अजून’ म्हणून मात्र कुणी मागितलं नव्हतं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी अख्खी भिंतच काढून तिच्या हातात दिली.